कसे झाले होते? : ‘ताम्पोपो’च्या निमित्ताने

पंगतीतून उठलेल्या पाहुण्याला घरच्या बाईने “कसे झाले होते?” असे विचारले की उत्तर ठरलेले असते. “छान झाले होते.” भाजीत मीठ जास्त पडलेले असो, आमटी खाली लागलेली असो, उत्तर बदलत नाही. विचारणारीलाही खऱ्या उत्तराची अपेक्षा नसते. दारापर्यंत पोचवायला यावे तसा तो निरोपाचाच एक भाग असतो, आणि त्यात कुणाचे काही बिघडत नाही. पण जेवण करून घालणे हाच जिचा धंदा आहे, नवरा मागे राहिलेला नाही, पदरी शाळकरी मुलगा आहे, आणि दुकानात गिऱ्हाईक टिकत नाही, अशा बाईने “खरे सांगा, कसे झाले होते?” असे विचारले, तर पाहुण्याने काय करावे?

जूझो इतामी यांचा ‘ताम्पोपो’ हा १९८५चा जपानी चित्रपट या एका प्रश्नापासून खऱ्या अर्थाने सुरू होतो. मी तो प्रथम पाहिला तो फार वर्षांपूर्वी, एका फिल्म सोसायटीच्या खेळात, ओरखडे पडलेल्या प्रतीवर. सगळे सभागृह हसत होते, मीही हसलो. अलीकडे नव्याने स्वच्छ केलेल्या प्रतीवर तो पुन्हा दोनदा पाहिला. या खेपेस हसू कमी कमी होत गेले आणि एक जुनी बोच वर आली. हा चित्रपट खाण्याविषयी आहे हे तर खरेच. पण तो तितकाच समीक्षेविषयी आहे, असे मला आता वाटते. त्या अंगाने त्याच्याकडे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

कथा थोडक्यात अशी. गोरो आणि गन हे दोघे ट्रकचालक. पावसाळी रात्री ते एका लहानशा रामेनच्या दुकानासमोर थांबतात. दुकान चालवते ताम्पोपो नावाची विधवा. ताम्पोपो हे वाटेच्या कडेला उगवणाऱ्या एका पिवळ्या रानफुलाचे नाव. त्याच्या बिया आपल्याकडच्या ‘म्हातारी’सारख्या वाऱ्यावर उडतात. दुकानात दारू पिऊन आलेल्या पिस्केन नावाच्या दांडगट माणसाशी गोरोची मारामारी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ताम्पोपोच्याच घरी न्याहारी करताना ती या दोघांना तो प्रश्न विचारते. दोघे अडखळतात, आणि मग खरे सांगतात. त्यांच्या सांगण्याचे सार एवढेच, की तुझ्या रामेनमध्ये प्रामाणिकपणा आहे, पण दम नाही. ती रडत बसत नाही, रागावतही नाही. ती म्हणते, मला शिकवा.

पुढचा सारा चित्रपट म्हणजे हे शिकणे. आणि ते शिकणे बहुतांशी शहरभर फिरून, दुकानामागून दुकान पालथे घालून, वाडग्यामागून वाडगा रिचवून होते. जपानी भाषेत याला एक सुटसुटीत शब्द आहे: ताबेआरुकी. खात खात फिरणे. हौशी माणसे सुट्टीचा दिवस गाठून शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रामेनची दुकाने चाखत हिंडतात, वह्या ठेवतात, वाद घालतात. कोल्हापुरात मिसळीवरून आणि आमच्या बेळगावात कुंद्यावरून जे वाद होतात, त्यांच्याच जातीचे ते वाद. फरक एवढाच, की आपण आपल्या ठरलेल्या दुकानाची बाजू घेऊन भांडतो. ताबेआरुकी करणारा दुसऱ्याच्या दुकानात जाऊन येतो आणि मग भांडतो.

■

रामेन म्हणजे काय, हे थोडे सांगावयास हवे. गव्हाच्या नूडल्स, कढत सूप, वर डुकराच्या मांसाच्या दोनतीन चकत्या, बांबूच्या आंबवलेल्या कोंबाचे तुकडे, समुद्रशेवाळाचा कागदासारखा पापुद्रा, हिरव्या पातीचा कांदा. नूडल्सना जो पिवळसर रंग आणि जो लवचिक ताण येतो, तो कान्सुई नावाच्या क्षारामुळे. हा क्षार म्हणजे आपल्या पापडखाराचा जवळचा नातेवाईक. पापडाच्या पिठाला खार घातल्यावर ते कसे चिवट होते, हे ज्यांनी उन्हाळ्यात आईच्या हाताखाली लाट्या कुटताना पाहिले आहे, त्यांना रामेनचे अर्धे रहस्य आधीच ठाऊक आहे.

हा पदार्थ मूळचा जपानी नाही. चीनमधून आलेल्या लोकांनी तो आणला. त्याचे जुने नाव ‘शिना सोबा’ म्हणजे चिनी सोबा. पुढे ‘शिना’ या शब्दाला तुच्छतेचा वास येऊ लागला तेव्हा ‘चूका सोबा’ हे नाव रूढ झाले. अर्थ पुन्हा तोच, चिनी. नंतर ‘रामेन’ हे नाव सर्वत्र झाले. १९१० साली तोक्योच्या आसाकुसा भागात ‘राईराईकेन’ नावाचे दुकान निघाले. मालक जपानी, आचारी योकोहामाहून आणलेले चिनी. हे नाव इतके लोकप्रिय झाले की पुढे गावोगावच्या साध्या रामेनच्या दुकानांवर त्याच्या पाट्या दिसू लागल्या. चित्रपटाच्या आरंभी ताम्पोपोच्या दुकानावरही हेच नाव आहे. हे ज्याला माहीत आहे त्याला पाटी पाहताक्षणीच कळते, की या दुकानाला अजून स्वतःचे नाव नाही.

महायुद्धानंतरच्या टंचाईत अमेरिकेहून गहू आला आणि हे स्वस्त, पोटभरीचे अन्न कामकऱ्यांच्या आधाराला आले. १९५८ साली तैवानमध्ये जन्मलेल्या मोमोफुकू आंदो यांनी उकळते पाणी ओतून खाण्याचे पाकिटातले रामेन बाजारात आणले. आपल्याकडे १९८३ नंतर घरोघर पोचलेल्या दोन मिनिटांच्या नूडल्सचे मूळ तेच. पण दुकानातले रामेन वेगळ्या वाटेने गेले. सापोरोत ते मिसोचे झाले, हाकातात डुकराची हाडे आटवून केलेल्या दुधी सुपाचे झाले, तोक्योत सोया सॉसचे राहिले. या पदार्थाला दरबारी परंपरा नाही, घराणे नाही, शास्त्र नाही. सुशीला आहे, चहापानाला आहे, सोब्यालाही आहे. रामेनला नाही. म्हणूनच रामेन चांगले कशाला म्हणावे, हे ठरवायला पोथी उघडून चालत नाही. दुकाने हिंडावी लागतात. इतामींनी हाच पदार्थ का निवडला, याचे उत्तर मला यात दिसते.

■

आपल्या काव्यशास्त्राची भाषा स्वयंपाकघरातून आली आहे, हे आपण विसरून जातो. रस, रुची, आस्वाद हे शब्द तर रोजचेच. कवितेच्या परिपक्वतेला जुन्या मीमांसकांनी ‘पाक’ म्हटले, आणि त्याचे द्राक्षापाक, नारिकेलपाक असे प्रकार केले. नाट्यशास्त्रात भरताने रस समजावून सांगताना दृष्टान्त दिला तो जेवणाचाच: नाना व्यंजनांनी सिद्ध झालेले अन्न खाणारे सुमनस् पुरुष जसे रसांचा आस्वाद घेतात, तसे प्रेक्षक. हा दृष्टान्त फार मोलाचा आहे. पण त्यात जेवणारा पाटावर बसलेला आहे आणि अन्न वाढून पुढे आलेले आहे. ते कुणी शिजवले, पहिल्या खेपेस बिघडले होते का, बिघडले असल्यास तिला कुणी काय सांगितले, हे प्रश्न त्या पाटावर बसून दिसत नाहीत.

इतामींच्या चित्रपटात हे दोन्ही आहे. आरंभीच गन ट्रकमध्ये एक पुस्तक वाचत असतो आणि त्यातला प्रसंग पडद्यावर दिसू लागतो. चाळीस वर्षे रामेनचा अभ्यास केलेला एक म्हातारा एका तरुणाला रामेन कसे खावे ते शिकवतो आहे. आधी वाडगा नीट पाहावा. सुपावर तरंगणारे तेलाचे थेंब पाहावेत, हळूहळू बुडणारे शेवाळ पाहावे. काड्यांच्या टोकांनी पृष्ठभाग हळुवार कुरवाळावा. मांसाची चकती बाजूला सारून ठेवताना मनातल्या मनात तिची क्षमा मागावी, लवकरच भेटू म्हणून सांगावे. आपण हसतो, कारण हे अतिरेकी आहे. पण हसताहसता तोंडाला पाणीही सुटते. ट्रकमधल्या दोघांनाही भूक लागते आणि म्हणूनच ते त्या दुकानापाशी थांबतात. भरताचा सुमनस् प्रेक्षक तो हाच म्हातारा. इतामी त्याची थट्टा करतात आणि त्याला मानतातही.

पण हा म्हातारा पुढे परत येत नाही. पुढचे काम गोरोचे आहे, आणि गोरो पाटावर बसणारा नव्हे. तो ताम्पोपोला घेऊन दुकानोदुकानी जातो. तिथे तो चवीविषयी आधी बोलतच नाही. तो तिला आचाऱ्याचे हात पाहायला सांगतो. हा गप्पा मारतो आहे, दहा हालचालींत होणारे काम वीस हालचालींत करतो आहे. याच्याकडे शिकण्यासारखे काही नाही. दुसऱ्या दुकानात आचारी गप्प आहे, हात वाया जात नाहीत, नजर गिऱ्हाइकावर आहे. स्वतःच्या दुकानात गोरो गिऱ्हाइकाचे सोंग घेऊन आत येतो आणि तिला विचारतो: आलेला माणूस घाईत आहे का? भुकेला आहे का? नवखा की नेहमीचा? एका दुकानात गिऱ्हाइकांची एकदम झुंबड उडते, प्रत्येकाची मागणी निराळी, आणि ताम्पोपो त्या सगळ्या मागण्या घडाघडा म्हणून दाखवते. त्या क्षणी आपल्याला प्रथम कळते, की या बाईत काहीतरी आहे. विशेष हे, की ते तिच्या दुकानात कळले नाही, दुसऱ्याच्या दुकानात कळले.

नुसते पाहणेही पुरत नाही. ती रोज सकाळी धावते, पाण्याने भरलेली जड भांडी उचलते, घड्याळ लावून नूडल्स उकळते. सूप पुन्हा पुन्हा फसते. दुसऱ्याच्या नूडल्सचे गुपित मिळावे म्हणून पैसे मोजून चोरून डोकावण्यापर्यंत तिची मजल जाते. हॉटेलांच्या मागच्या दारी उरलेसुरले शोधणाऱ्या बेघर रसिकांच्या टोळक्यातून तिला सुपाचा गुरू मिळतो. या टोळक्यातल्या एकाने रात्री एका हॉटेलच्या मुदपाकखान्यात गुपचूप शिरून तिच्या मुलाला भातावर घातलेले ऑम्लेट करून देणे, हा चित्रपटातला सर्वांत प्रसन्न प्रसंग. ज्याच्या खिशात दमडी नाही त्याची जीभ शहरात सर्वांत तल्लख असू शकते, हे इतामी एकही शब्द न बोलता सांगून जातात. गळ्यात घास अडकलेल्या एका धनिक म्हाताऱ्याचे प्राण ताम्पोपो वाचवते, आणि त्याचा चालक शोहेई नूडल्सचा जाणकार निघतो. मार खाल्लेला पिस्केन मित्र होतो आणि दुकान नव्याने सजवून देतो.

म्हणजे ज्यांनी “दम नाही” असे म्हटले, ते म्हणून निघून गेले नाहीत. हा चित्रपटाचा कणा आहे.

■

२०१८च्या शरद ऋतूत मुलीकडे तोक्योला जाण्याचा योग आला. ती नोकरीनिमित्त तिथे होती. बेळगावच्या कॅम्पात लहानपण गेल्यामुळे आणि गोवेकर शेजाऱ्यांकडचे सोरपोतेल खाऊन वाढल्यामुळे डुकराच्या मांसाचे मला वावडे नाही. मी मुलीला म्हटले, “मला देवळे कमी दाखव, रामेन दाखव.” तीन दिवसांत तीन दुकाने झाली. हे काही फार नव्हे. तिथले हौशी लोक हसतील. पण त्या तीन वाडग्यांनी मला जे शिकवले ते लिहिण्याजोगे आहे.

पहिले दुकान ओगिकुबो भागातले. दाराशी यंत्र, त्यात पैसे टाकून तिकीट घ्यायचे, लाकडी फळीपुढच्या उंच बाकावर बसायचे. सूप तपकिरी आणि पारदर्शक, सोया सॉसचे. पहिला घोट घेतला आणि मी दचकलो. सुक्या मासळीचा वास! पावसाळ्यासाठी डब्यात भरून ठेवलेल्या सुकटाची बहीणच ती. तिथे निबोशी नावाची सुकवलेली बारीक मासळी उकळून सूप करतात. बाकी वाडगा मला साधा वाटला. “ठीक आहे,” मी मुलीला म्हणालो. आजूबाजूची माणसे एक शब्द न बोलता, मोठमोठ्याने भुरके मारत खात होती आणि दहा मिनिटांत उठून जात होती.

दुसऱ्या दिवशी हाकाता पद्धतीचे. सूप दुधासारखे पांढरे, दाट, ओठांना चिकटणारे. नूडल्स बारीक, किती कडक हव्यात ते आधीच विचारतात, आणि संपल्या तर उरलेल्या सुपात दुसरा घाणा घालून मिळतो. हे मला फार आवडले. पहिल्याच घोटात सगळे सांगून टाकणारा वाडगा. पण निम्म्यावर आलो आणि आदल्या दिवशीचे ते तपकिरी सूप आठवू लागले. ते इतके पारदर्शक असूनही त्याला तळ होता. ते हळूहळू सांगत होते आणि मी ऐकले नव्हते.

तिसऱ्या दिवशी हिगाशी-इकेबुकुरोचे ‘ताईशोकेन’. इथे नूडल्स वेगळ्या, गार. सूप वेगळे, गरम, किंचित आंबट. नूडल्स सुपात बुडवून खायच्या. ही पद्धत काझुओ यामागिशी यांची. दुकानातली मुले उरलेल्या नूडल्स सुपात बुडवून खात, त्यावरून त्यांना ती सुचली आणि १९५५ साली त्यांनी ती पदार्थांच्या यादीत आणली. यामागिशी २०१५ साली गेले. त्यांची ख्याती अशी, की शिकायला येणाऱ्याला त्यांनी काही लपवले नाही. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांची दुकाने जपानभर पसरली. जुनी इमारत पाडायची म्हणून २००७ साली त्यांचे मूळ दुकान बंद झाले आणि पुढच्या वर्षी जवळच शिष्याने ते पुन्हा उघडले. शेवटी मुलीने उरलेल्या दाट सुपात साधे गरम सूप ओतून घेतले आणि मला वाडगा प्यायला लावला. तेव्हा कुठे मला पहिल्या दिवशीचे सूप समजले. चवीचा न्याय पहिल्या वाडग्याला करता येत नाही. तिसरा वाडगा आल्यावरच पहिला कळतो. आणि पहिल्याला “ठीक आहे” म्हणून मोकळा झालेला माणूस चुकीचे बोललेला असतो, ही शरमही तेव्हाच कळते.

तारे आणि क्रमांक यांचे राज्य आता तिथेही आहे. २०१६च्या मिशेलिन मार्गदर्शिकेत, तेव्हा सुगामोत असलेल्या ‘त्सुता’ या लहानशा दुकानाला एक तारा मिळाला. रामेनच्या दुकानाला असा मान मिळण्याची ती पहिली वेळ. एका गरिबाच्या पदार्थाचे हे भाग्यच म्हणायचे. पण दुसरीकडे, वाडग्याला हजार येनपेक्षा जास्त द्यायला गिऱ्हाईक तयार नसते, हे दुखणे तिथले दुकानदार ‘हजार येनची भिंत’ या नावाने बोलून दाखवत आले आहेत. रांग लावून कौतुक करायचे आणि किंमत मात्र कामकऱ्याच्या जेवणाची द्यायची. गोरोसारखा माणूस या रांगेत नसता. तो मागच्या दाराने आत जाऊन किती हाडे उकळली ते पाहत बसला असता.

■

आता चित्रपटाचे दोषही सांगितले पाहिजेत. नाहीतर या लेखाला काही अर्थ उरणार नाही.

पहिला दोष असा, की शिकवणारे सगळे पुरुष आहेत. पाच पुरुष आणि एक शिष्या. ताम्पोपोची भूमिका इतामींच्या पत्नी नोबुको मियामोतो यांनी केली आहे आणि ती इतकी जिवंत आहे, की हा असमतोल पहिल्यांदा जाणवत नाही. दुसऱ्यांदा जाणवतो. आपल्याकडे नवऱ्यामागे खानावळ चालवून मुले शिकवलेल्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना प्रश्न पडेल की या बाईला एकही बाई शिकवायला कशी भेटली नाही. दुसरा दोष, पांढऱ्या सुटातल्या गुंडाची आणि त्याच्या प्रेयसीची उपकथा. खाणे आणि शृंगार यांचे नाते दाखवण्याच्या हौसेत ती कधी कधी नुसते चमकावू पाहते. जिवंत कासव कापण्याचे दृश्य तर मला आजही नीट पाहवत नाही.

मात्र बाकीच्या सुट्या प्रसंगांबद्दल मी मत बदलले आहे. पूर्वी ते मला ठिगळे वाटत. एका महागड्या फ्रेंच हॉटेलात सारे वरिष्ठ अधिकारी एकामागून एक तेच पदार्थ मागवतात, आणि सर्वांत कनिष्ठ पोऱ्या मात्र यादी वाचून, जाणतेपणाने आपले जेवण निवडतो. वरिष्ठांचे चेहरे लालबुंद होतात. दुसऱ्या एका प्रसंगात एक बाई मुलींना आवाज न करता स्पागेटी खायला शिकवते आहे, आणि पलीकडच्या टेबलावरचा गोरा माणूस भुरके मारत खातो आहे. हे प्रसंग ताम्पोपोच्या गोष्टीत घडत नाहीत, पण प्रश्न तोच विचारतात: तुला स्वतःला काय लागले ते सांग, शेजाऱ्याला काय लागले ते सांगू नकोस.

आणि तो मरणाऱ्या आईचा प्रसंग. नवरा धावत घरी येतो. बायको शेवटच्या घटका मोजते आहे. तिने डोळे मिटू नयेत म्हणून तो ओरडतो, ऊठ, स्वयंपाक कर. ती उठते, कांद्याची पात चिरते, भात परतते, आणून मधे ठेवते. सगळ्यांनी पहिला घास घेतलेला पाहते आणि कोसळते. नवरा रडत रडत मुलांना सांगतो, खा, गरम आहे तोवर खा, आईने केलेले शेवटचे आहे. या घासाला कुणी “कसे झाले होते?” विचारणार नाही. समीक्षेची हद्द जिथे संपते ती जागा इतामींनी दाखवून ठेवली आहे, आणि ती दाखवल्यामुळेच उरलेल्या चित्रपटातली कठोर परखड भाषा सहन होते. प्रत्येक अन्न तोलायचे नसते. पण जे पैसे घेऊन, पाटी लावून, अनोळखी माणसापुढे ठेवले, ते तोलले गेलेच पाहिजे.

इतामी हे परखडपणाची किंमत मोजलेले गृहस्थ होते. पन्नाशी ओलांडल्यावर, १९८४ साली त्यांनी पहिला मोठा चित्रपट केला. १९९२ साली ‘मिन्बो’ या चित्रपटात त्यांनी याकुझा गुंडांची यथेच्छ टर उडवली, तेव्हा त्या गुंडांनी त्यांच्यावर चाकूहल्ला करून चेहरा कापला. १९९७ साली त्यांचा अंत झाला. ‘ताम्पोपो’ जपानपेक्षा परदेशात अधिक गाजला, याचे नवल वाटायला नको. घरच्या माणसाने घरच्या जेवणाला नावे ठेवलेली कुणाला आवडतात?

■

सुरुवातीला जुन्या बोचेचा उल्लेख केला. ती सांगून लेख संपवतो.

वीसएक वर्षांपूर्वी एका प्राथमिक शाळेतल्या शिक्षिकेचा पहिला कथासंग्रह माझ्याकडे अभिप्रायासाठी आला. पदरमोड करून छापलेला. कथा मनापासून लिहिलेल्या होत्या. त्यातल्या दोन कथा आणखी दोनदा लिहिल्या असत्या, तर कुठेही शोभून दिसल्या असत्या. बाकीच्यांत अनुभव होता, कथा नव्हती. मी एका साप्ताहिकात परीक्षण लिहिले आणि त्यात ‘प्रामाणिक अनुभवांचे प्रामाणिक चित्रण’ असे शब्द वापरले. आमच्या व्यवसायात या शब्दांचा अर्थ सर्वांना ठाऊक असतो. बहुधा त्यांनाही होता. पुढे एका समारंभात त्या मुद्दाम भेटायला आल्या आणि म्हणाल्या, “सर, खरंच कशा वाटल्या? काय कमी आहे?”

मी म्हणालो, “छान आहेत, बाई. लिहीत राहा.”

त्या निघून गेल्या. त्यांचा दुसरा संग्रह माझ्या पाहण्यात आला नाही. त्याला कारण माझे उत्तर असेल असे मानणे हाही अहंकारच होईल. पण त्यांनी तो प्रश्न ताम्पोपोसारखा विचारला होता आणि मी त्याला पंगतीतल्या पाहुण्यासारखे उत्तर दिले होते. त्यांना दुखवायचे नव्हते, असे मी स्वतःला सांगत आलो. खरी गोष्ट निराळी आहे. “दम नाही” असे म्हटले असते, तर पुढे त्यांच्याबरोबर बसावे लागले असते. कुठली वाक्ये वाया गेली ते दाखवावे लागले असते, इतरांच्या कथांमागून कथा त्यांच्यापुढे ठेवाव्या लागल्या असत्या, हे पाहा, इथे हात कसा वाया जात नाही, असे म्हणावे लागले असते. ते कष्ट मला नको होते. “छान आहे” हे उत्तर फुकटात पडते.

चित्रपटाच्या शेवटी दुकान नवे झाले आहे, पाटीवर तिचे स्वतःचे नाव आले आहे. शिकवणारे पाचही जण फळीपुढे ओळीने बसतात. ती त्यांच्यापुढे वाडगे ठेवते आणि पाहत उभी राहते. कुणी बोलत नाही. एकेक जण खातो, मग वाडगा दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावतो. ती विचारत नाही. वाडगे खाली येतात तेव्हा त्यांत थेंबही उरलेला नसतो. पुढे दुकानाबाहेर रांग लागते आणि गोरो ट्रकमध्ये चढून निघून जातो.

दोन वर्षांपूर्वी मी त्या शिक्षिकेचा संग्रह कपाटातून काढून पुन्हा वाचला, या वेळी पेन्सिल घेऊन. त्या दोन कथांच्या समासात आता पुष्कळ लिहिलेले आहे. पत्ता मिळाला आहे. प्रत अजून पाठवलेली नाही.